उद्या किती कप?

बुधवारी संध्याकाळी चाकणहून शेड्यूल येतं.
मार्चमध्ये बारा हजार बुश,
मग सात हजार चारशे,
आज त्या रकान्यात नुसतं : कळवतो.

मी ते छापलं नाही.
छापलेला कागद बोर्डावर लागतो
आणि बोर्डापुढे उभी राहिलेली माणसं
पाठीमागून सगळी सारखीच दिसतात.

उद्या गुरुवार, भोसरीची सुट्टी.
या खेपेला तिला शुक्रवार जोडलाय.
‘मेंटेनन्ससाठी’ असं नोटिशीत मीच लिहिलं.
बिराजदार वाचून हसला.
चौदा वर्षं प्रेसला तेल घालतोय तो,
कुठल्या मशीनचं काय दुखतंय
ते त्याला माझ्याकडून कळायचं नाही.

दुपारी मालकांचा फोन :
तीन नावं द्या मॅडम. घाई नाही,
सोमवारपर्यंत.

वहीचं शेवटचं पान. पेन्सिल.
वाण्याच्या यादीतून काय कमी करता येईल
ते बघावं, तशी बसले.
शिरसाट, कंत्राटी, सगळ्यांत नवा.
पण सकाळी शटर तोच उघडतो.
हिंगमिरे बाई, हात सावकाश.
पण तिनं तपासलेली एक पेटी
आजवर परत आलेली नाही.
तिसरं नाव मी माझं लिहिलं
आणि लगेच खोडलं.
ते धैर्य नव्हतं, नाटक होतं.
मोशीच्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो.

गेल्या वर्षी मला बाणेरच्या एका हॉटेलात पाठवलं होतं,
अनिश्चित काळात माणसं कशी सांभाळावी ते शिकायला.
पडद्यावर जहाज होतं, वादळ होतं, सुकाणू धरलेला कप्तान.
जेवण चांगलं होतं.
आमच्या शेडमध्ये पाणी म्हणजे कूलंट,
पांढरं, चिकट,
त्यात जहाज कसलं, बोटाची कातडी तेवढी सुटते.

चार वाजता मी प्रेस बंद करायला लावला.
प्रेस थांबला की आमच्याकडे
आपोआप सगळे वर बघतात.
म्हटलं,
पुढच्या आठवड्याचं मला माहीत नाही.
चाकणवाल्यांनाही माहीत नाही, असं दिसतंय.
तीन नावं मागितलीत. मी दिलेली नाहीत.
देणारच नाही, असं मात्र
मला म्हणता येत नाही.

वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल.
ओरडलं असतं तर बरं झालं असतं.
हिंगमिरे बाईंनी विचारलं,
मागचा ओव्हरटाइम निघणार ना?
निघेल, म्हटलं. तेवढं माझ्या हातात होतं.
कधी?
सोमवारी.
बरं, म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.
शिरसाट काहीच बोलला नाही.
सुट्टीच्या दहा मिनिटं आधी हेल्मेट घेऊन निघाला.
कुठं बोलून ठेवलं असेल त्यानं,
नसेलही.
मी अडवलं नाही, दहा मिनिटं कापलीही नाहीत.

बिराजदार केबिनच्या दारात आला,
आत नाही आला, हात तेलाचे होते.
शेड्यूल लावा मॅडम बोर्डावर.
त्यात काही नाहीये हो.
लावा. कोरंही वाचता येतं आम्हाला.

लावलं.
चार टाचण्या, सरळ.

मग मुनाफ आला, किटली रिकामी, पेले खळखळत.
मॅडम, शनिवारी किती कप?
डेअरीत आत्ताच सांगावं लागतं.
मार्चमध्ये हा बेचाळीस म्हणून जायचा,
हल्ली एकतीस.
चाकणहून याला कोण कळवणार?

एकतीस, मी म्हटलं.
आवाज असा निघाला, जसं काही मला माहीतच आहे.
त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बोर्डाकडं.
सांगतो एकतीस, म्हणाला,
पण दूध आटवून ठेवत नाही. शनिवारी बघू.
आणि निघाला.
शेजारच्या शेडपाशी तो आता
वेग कमी करत नाही.